खाद्यपूरकांचा हिशेब कोंबडीच्या यकृतात

जबलपूर : खाद्यात मिसळलेली जीवनसत्त्वे आणि खनिजे पक्ष्याच्या अंगी कितपत लागतात, याचा पडताळा अनेकदा यकृताच्या तपासणीतून घेतला जातो. येथील नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने कडकनाथ आणि जबलपूर कलर यांच्या संकरातून परसातील पालनासाठी ‘नर्मदा निधी’ ही कोंबडी विकसित केली. परसातील पक्षी किडे आणि हिरवा पाला टिपतो; शेडमधील पक्षी मात्र पूर्णपणे दिलेल्या खाद्यावर अवलंबून असतो. त्यामुळे पूरकांची गरज दोघांसाठी सारखी नसते.

रक्ततपासणी पुरेशी का ठरत नाही? शरीर रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वाची पातळी स्थिर राखते. यकृतातील साठा संपत येईपर्यंत कमतरता रक्तात दिसत नाही.

प्रयोगासाठी एकाच वयाच्या आणि जातीच्या पिल्लांचे गट पाडतात. एका गटाला मूळ खाद्य, तर इतरांना पूरकाच्या चढत्या मात्रा देतात. ठरलेल्या मुदतीनंतर यकृताचे वजन करून नमुने गोठवले जातात. खनिजांसाठी नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापीने तांबे, जस्त आणि लोह मोजतात. ‘अ’ जीवनसत्त्व प्रकाशात आणि हवेत नष्ट होत असल्याने ते जपून वेगळे काढून द्रव क्रोमॅटोग्राफीने मोजले जाते.

निष्कर्ष काढताना मात्र सावधगिरी हवी. समजा, ४० ग्रॅमच्या यकृतात १.२ मिलिग्रॅम जस्त आहे. म्हणजे दर ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम. चरबी साचून वजन ५० ग्रॅम झाले, तर तेवढेच जस्त दर ग्रॅममागे २४ मायक्रोग्रॅम दिसेल. म्हणून यकृताचे एकूण वजन, चरबी आणि शुष्कांश यांचीही नोंद आवश्यक असते. खाद्यातील तांबे बरेच वाढेपर्यंत यकृतातील तांबे फारसे बदलत नाही, तर जस्तासाठी पायाचे हाडही तपासतात.

हा प्रश्न ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचतो. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या यकृतात सुमारे ३,३०० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व असते. प्रौढांसाठी दैनंदिन सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. गर्भावस्थेत त्याचा अतिरेक बाळाला अपायकारक ठरू शकतो. युरोपीय संघाने २०१५ मध्ये पशुखाद्यातील या जीवनसत्त्वाच्या कमाल मर्यादा निश्चित केल्या. रक्तक्षयावर स्वस्त उपाय म्हणून कलेजी खाल्ली जाते. त्यामुळे पूरकाची योग्य मात्रा ठरवताना पक्ष्याच्या वाढीइतकाच खाणाऱ्याच्या आरोग्याचाही विचार करावा लागतो.