चूळ भरा, दात राखा

दात किडू नयेत म्हणून काय करावे, असे कुणी विचारले की ब्रश आणि पेस्टबरोबर मी पाण्याचेही नाव घेतो. बऱ्याच जणांना त्याचे नवल वाटते. दातांचा आणि पाण्याचा संबंध काय?

हा संबंध लाळेतून येतो. आपल्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात कॅल्शियम, फॉस्फेट आणि जंतूंना आवर घालणारे घटक असतात. आपण गोड खाल्ले की दातांवरच्या चिकट थरातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली, म्हणजे पीएच ५.५ च्या खाली गेला, की दाताचे वरचे कवच विरघळू लागते. लाळ हे आम्ल सौम्य करते आणि निघून गेलेली खनिजे दाताला परत मिळवून देते. या कामाला तिला अर्धा-पाऊण तास तरी हवा. तासातासाला गोड चहा-बिस्किटे घेतली, तर तिला उसंतच मिळत नाही.

म्हणून काही खाल्ले की खळखळून चूळ भरायची. त्याने अन्नकण निघतात, आम्ल पातळ होते. शीतपेय किंवा लिंबू सरबत घेतल्यावरही चूळ भरा. ब्रश मात्र अर्ध्या तासाने करा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये.

प्रवासात, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या अनेक भगिनी मला भेटतात. तोंडाला कोरड, श्वासाला दुर्गंधी ही त्यांची नेहमीची तक्रार. उतारवयात रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही औषधांनीही तोंड कोरडे पडते आणि दातांची मुळे किडू लागतात. अशांनी घोटघोट पाणी पीत राहावे आणि डॉक्टरांना कोरडेपणाची कल्पना द्यावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. थोडे फ्लोराइड दाताला बळकटी देते. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असलेले पाणी लहान मुलांच्या पोटात वर्षानुवर्षे गेले, तर येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. अशा भागात बोअरवेलचे पाणी तपासून घ्यावे आणि मुलांसाठी सुरक्षित पाण्याची सोय करावी.

आणि हो, चूळ भरली म्हणून ब्रशला सुट्टी नाही. सकाळी आणि रात्री दात घासायचेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)