धुराचे पैसे कुणी द्यायचे?
आपण भिंगारच्या रस्त्याकडेला उभे असतो, दुचाकी जाते आणि धूर आपल्या छातीत. पंपावर पैसे देणारा वेगळा, खोकणारा वेगळा. पेट्रोलच्या भावात हा खोकला धरलेला नसतो. विजेची गाडी घेणारा शेजाऱ्याचं नुकसान टाळतो, म्हणून शेजाऱ्याच्या करातून त्याला हातभार. सवलतीचं समर्थन एवढंच. पण हातभार कुणाला? केंद्राच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटी आहेत. दुचाकी, तीनचाकी, बस त्यात धरल्या होत्या, खासगी मोटारी नव्हत्या. हे मला पटतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मात्र विजेच्या मोटारींनाही अटल सेतूवर टोल माफ. आणि सायकलवाला? तो तर मुळात धूरच करत नाही. त्याला काय दिलं आपण? हसताय, पण मी खरंच विचारतोय.