नाणेघाटांतील चोवीस हजार चारशें

जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक कोरीव लेणें आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नांवाचीं नाणीं यांची गणती त्यांत आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं या अंकांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील २४,४०० कार्षापणांचा आंकडा आज आपण पाहूं.

आपण तो पांच अंकांनीं लिहितों. कोरणारानें तीनच चिन्हें कोरलीं. हजाराच्या चिन्हास विसाचें चिन्ह जोडलें कीं वीस हजार, चाराचें जोडलें कीं चार हजार. शंभराच्या चिन्हास चार जोडले कीं चारशें. मग तिहींची बेरीज. दहं व एकं यांच्या घरांत कांहीं नाहीं, म्हणून तेथें चिन्हही नाहीं. शून्य लागतच नाहीं.

लिहिण्याची रीत बदलली तरी संख्येचा स्वभाव बदलत नाहीं. २४,४०० म्हणजे १६, २५ व ६१ यांचा गुणाकार. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या बरोबर तीस आहेत. तितकीं नाणीं जमिनीवर मांडलीं, तर एका बाजूस शंभर नाण्यांचा एक चौरस व एकशेंवीस नाण्यांचा दुसरा, असे दोन भरींव चौरस होतात आणि एकही नाणें उरत नाहीं. १५२ व ३६, तसेंच १५६ व ८ घेऊनही हेंच साधतें. चौथी जोडी मात्र नाहीं. हें नागनिकेच्या काळींही तितकेंच खरें होतें.

फरक पडतो तो लिखाणाच्या गुणांत. हा लेख जागोजाग झिजला आहे. समजा, आंकड्याचीं शेवटचीं दोन चिन्हें गेलीं असतीं, तरी पहिल्यानें "निदान वीस हजार" अशी साक्ष दिलीच असती, कारण त्याचें मूल्य त्याच्या अंगांतच आहे. आपल्या २ च्या उजवीकडचे अंक पुसले, तर तो दोन, दोनशें कीं वीस हजार, हें सांगावयास कोणीच उरत नाहीं. उलट, दहांनीं गुणावयाचें तर आपण एक शून्य वाढवितों. त्या कोरणारास तिन्ही चिन्हें नव्यानें मांडावीं लागलीं असतीं. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें शून्याच्या गणिताचे नियम सांगितले, आणि हिशेबाची ही सोय शास्त्राच्या चौकटींत बसली.

तरी नाणेघाटाची रीत आपण सोडलेली नाहीं. "चोवीस हजार चारशें" असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत शून्याचा उच्चार कोठें असतो? चेकवर आपण रक्कम अंकांत लिहून पुन्हां अक्षरीं लिहितों. आणि दोहोंत तफावत पडली, तर १८८१ च्या कायद्याप्रमाणें अक्षरी रक्कमच खरी धरली जाते.