विरजण लागले नाही, तर ते दूध उकळू नका

गेल्या जानेवारीत एका घरातले तिघे एकदमच दवाखान्यात आले. तिघांनाही उलट्या, पोटात कळा, ताप नाही. "डॉक्टर, बाहेरचे काहीच खाल्ले नाही. सकाळी दही लागले नव्हते, म्हणून तेच दूध उकळून खीर केली," सूनबाई म्हणाल्या. खीर खाऊन तीनच तास झाले होते. मी आजींचा हात पाहिला. तर्जनीला नखुरडे झालेले, आणि दुधाची ऊब त्यांनी त्याच बोटाने पाहिलेली!

थंडी म्हणून आजींनी विरजण कढत दुधात घातले आणि भांडे गोधडीत गुंडाळले. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंश सेल्सिअस ऊब मानवते. ५० च्या बरेच पुढे गेले की ते मरू लागतात. मग दूध आंबत नाही, आणि आंबटपणा हाच तर त्याचा राखणदार. पुढे दूध कोमट झाल्यावर बोट बुडाले, आणि पुवातले स्टॅफिलोकोकस जंतू रात्रभर वाढले असावेत, असा माझा कयास. उकळल्यावर हे जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेले विष तसेच राहते.

सलाइन लावल्यावर तिघे रात्रीपर्यंत सावरले.

दुधाचा थेंब चमच्याने मनगटावर टाकून पाहावा. चटका न बसता ऊब जाणवली, की विरजण घालून ढवळावे. सकाळी दूध पातळच दिसले, तर त्यात पुन्हा विरजण घालू नये, खीरही करू नये. सरळ ओतून द्यावे. दुधाचा भाव मलाही ठाऊक आहे.