लकव्यानंतर माणूस सारखा रडतो, चिडतो. 'मन खंबीर कर' म्हटल्याने हे का थांबत नाही?

लकव्याचा झटका येतो, दवाखान्यात धावपळ होते, आठ-दहा दिवसांनी माणूस घरी येतो. हळूहळू काठी घेऊन चालू लागतो. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण भेटायला कुणी आलं की तो रडू लागतो, चहा थंड झाला म्हणून ओरडतो किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. "तुम्हीच हातपाय गाळले तर कसं?" असं सगळे समजावतात. फरक मात्र पडत नाही.

नेमकं होतं काय?

लकवा म्हणजेच पक्षाघात दिसतो हातापायात, पण इजा होते मेंदूला. रक्ताची गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. भावना आवरण्याचं कामही मेंदूच करतो. त्यात काम सुटलेलं, आंघोळीलाही दुसऱ्याचा आधार. या दोन्ही गोष्टी मिळून सुमारे तीनपैकी एका रुग्णाला कधी ना कधी नैराश्य येतं.

रडणं म्हणजे नैराश्यच का?

नाही. काहींना क्षुल्लक कारणावरून अचानक रडू किंवा हसू फुटतं आणि तितक्याच लवकर थांबतं. मनात तेवढं दुःख नसतंही. हा भावनांवरचा ताबा सुटण्याचा प्रकार आहे. अशा वेळी रागावू नका, विषय बदला, थोडं थांबा.

नैराश्याची खूण वेगळी. दोन आठवडे रोज मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलेली, "मी ओझं झालोय" अशी भाषा. वाचा गेलेला माणूस हे सांगू शकत नाही, त्यामुळे त्याचं खाणं, झोप आणि चेहरा बघावा लागतो. दोन्हींवर औषधं आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

उपचार न केल्यास काय बिघडतं?

उदास माणूस व्यायाम टाळतो, बीपीच्या गोळ्या चुकवतो. मग सुधारणा थांबते आणि पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. खेड्यांत हे हलक्यात घेऊन चालणार नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. सातपैकी साधारण एक मृत्यू पक्षाघाताने झाला होता. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण तेच ठरलं.

सगळं घरच्यांवरच का पडतं?

कोरेगाव भीमापासून पुणे तीसेक किलोमीटर. पण फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा नगर रोडच्या कोंडीतून जायचं, तर कंपनीत जाणाऱ्या मुलाचा खाडा होतो. मग व्यायामाची जबाबदारी बायकोवर किंवा सुनेवर येते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला 'अटेंड' अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतले गेले. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे पेशंट सुधारला नाही, तर तो घरच्यांचा कामचुकारपणा नव्हे. सांभाळणाऱ्यालाही आठवड्यातून काही तास सुट्टी हवी.

सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते का?

सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढे वेग मंदावतो, पण सराव चालू ठेवला तर बोलणं, चालणं, हाताचं काम नंतरही सुधारू शकतं. सारखा थकवा येणं हाही आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. दिवसाची कामं तुकड्यांत वाटून घ्या, मध्ये विश्रांती ठेवा.

आज काय करता येईल?

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हातापायासोबत मनाचंही सांगा. कुणाच्याही सांगण्यावरून बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करू नका. शेंगा निवडणं, नातवाचा अभ्यास घेणं असं जमेल ते काम त्यांच्याकडे द्या. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका.

सरकारच्या 'टेलिमानस' हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला मोफत, चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. जगणं नको अशी भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हा फोन रुग्णाइतकाच त्याला सांभाळणाऱ्यासाठीही आहे.