भूगोल शिकून पुढें काय?

दहावीचा निकाल हातीं आला कीं आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे विचार बहुधा ठरलेले असतात. मुलास गणित बरें येत असेल तर इंजिनियरिंग, जीवशास्त्राची आवड असेल तर वैद्यकी, हिशेबांत डोकें चालत असेल तर वाणिज्य, हें त्यांनीं घरींच ठरवून ठेविलेलें असतें. मात्र एखादा विद्यार्थी 'मला भूगोल आवडतो' असें म्हणाला, म्हणजे घरांत चिंता पसरते. नद्या, पर्वत व राजधान्या यांचीं नांवें पाठ करून कोणाचें पोट भरलें आहे, असें वडील विचारतात. आणि शाळांतून भूगोल ज्या रीतीनें शिकविला जातो ती पाहतां हा प्रश्न अगदींच वावगा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु याच विषयाची एक शाखा गेल्या साठ वर्षांत अशी वाढली आहे कीं, तिच्यावांचून आज महानगरपालिका, वनखातें, वीज कंपनी व टेलिफोन कंपनी यांचें पान हालत नाहीं. तिला भौगोलिक माहिती प्रणाली, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून जी. आय. एस. असें म्हणतात. ही विद्या काय आहे, ती कोठें शिकतां येते व तिच्यावर चरितार्थ कसा चालतो, हें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगूं इच्छितों.

समजा, तालुक्यांत एक नवें आरोग्य केंद्र बांधावयाचें आहे. तें कोठें बांधावें? एका पारदर्शक कागदावर तालुक्यांतील गांवें व त्यांची लोकसंख्या मांडा. दुसऱ्यावर रस्ते काढा. तिसऱ्यावर नदी, ओढे व पुराची रेषा, चौथ्यावर सरकारी पडीक जमीन, आणि पांचव्यावर हल्लींचीं आरोग्य केंद्रें दाखवा. हे पांचही कागद एकाच प्रमाणाचे असले आणि एकावर एक बरोबर बसवून उजेडासमोर धरले, म्हणजे जेथें वस्ती पुष्कळ, रस्ता जवळ, पुराचें भय नाहीं, जमीन सरकारी व दुसरें केंद्र दूर, अशी जागा आपोआप दिसूं लागते. जी. आय. एस. म्हणजे मूलतः हेंच. कागदांच्या जागीं संगणकांतील थर आले आणि डोळ्यांच्या जागीं गणित आलें, इतकाच फरक. शिवाय प्रत्येक थराच्या पाठीमागें एक तक्ता असतो. नकाशावरील विहिरीच्या ठिपक्यास विचारलें, तर ती किती खोल आहे, केव्हां खणली, उन्हाळ्यांत तिला पाणी किती असतें, हें सर्व ती सांगते. भिंतीवरच्या नकाशास असें विचारतां येत नाहीं.

विहीर हा बिंदु, रस्ता ही रेषा, शेत हें क्षेत्र. जमिनीवरील बहुतेक वस्तु या तीन रूपांत मांडतां येतात. चौथें रूप उपग्रहांच्या चित्रांचें. तीं चित्रें लहान लहान चौरसांचीं बनलेलीं असतात. २०१५ सालापासून युरोपाचे सेंटिनेल-२ नांवाचे उपग्रह पृथ्वीचीं चित्रें घेत आहेत, आणि तीं कोणासही फुकट मिळतात. त्यांतील सर्वांत बारीक चौरस १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. आमच्या शेतकरी पालकांस हें माप परकें वाटूं नये, कारण १०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! एक एकराचें शेत त्या चित्रांत चाळीस चौरसांचें दिसतें. हा उपग्रह आपल्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. निरोगी पान तो प्रकाश पुष्कळ परत फेंकतें, सुकलेलें पान कमी. त्यामुळें कोणत्या गुंठ्यांतील पीक वाळत चाललें आहे, हें आकाशांतून कळतें.

आतां ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असें कोणी समजूं नये. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, आणि त्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवतीं दाटलेल्या दिसल्या. पटकी दूषित हवेनें नव्हे तर दूषित पाण्यानें पसरते, हें त्यांचें म्हणणें त्यामुळें बळकट झालें. पण या गोष्टींतील आमच्या मतें अधिक महत्त्वाचा भाग निराळाच आहे. त्या पंपाजवळच दारूची एक भट्टी होती आणि तिच्यांतील कामगार मात्र सुखरूप होते. याचें कारण नकाशा सांगेना. डॉक्टर स्वतः तेथें जाऊन चौकशी करूं लागले, तेव्हां कळलें कीं भट्टीची स्वतःची विहीर होती आणि कामगारांस प्यावयास दारूच मिळत असे. पंपाचें पाणी ते पीतच नसत.

आपल्या देशांत या विद्येची पूर्वपीठिका मोठी आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनीं त्रिकोणांच्या साह्यानें भारत मोजण्यास आरंभ केला. तें काम करीत करीत ते उत्तरेकडे सरकले, आणि १८२३ सालीं नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. त्यांस तेथेंच पुरलें आहे. त्याच खात्यांत १८३१ सालीं राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण नोकरीस लागला. त्याच्या पदाचें नांव 'कॉम्प्युटर' असें होतें. त्या काळीं हा शब्द यंत्रास नव्हे, तर हिशेब करणाऱ्या मनुष्यास लावीत! हिमालयांतील 'पंधरावें शिखर' जगांत सर्वांत उंच आहे, हें १८५२ च्या सुमारास ज्या गणितावरून ठरलें त्याचें श्रेय सिकदारांस दिलें जातें. शिखरास नांव मात्र एव्हरेस्ट साहेबांचें मिळालें.

आणि आपल्या सातबाऱ्याचें मूळ शोधूं गेल्यास तें १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरूं केलेल्या मोजणींत सांपडतें. त्या मोजणीची साखळी ३३ फूट लांब. तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कॅनडा सरकारासाठीं रॉजर टॉमलिन्सन यांनीं जमिनीचे थर संगणकांत घालण्याची पद्धत बसविली, आणि जी. आय. एस. हें नांव रूढ झालें. तिकडील इतिहास विद्यार्थी पुढें वाचतीलच.

एवढ्यावरून कोणास वाटेल कीं, संगणक चालवितां आला म्हणजे ही विद्या आली. असें नाहीं, आणि हें सांगण्यासाठींच आम्हीं मुख्यत्वेंकरून लेखणी हातीं घेतली आहे. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्याच वर्षीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें देशांतील दरडप्रवण भागांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. उतार किती, खडक कोणता, मातीचा थर केवढा, झाडी किती राहिली, पाणी कोणीकडून वाहतें, रस्त्यासाठीं डोंगराचा पाय कोठें तोडला आहे, हे थर एकत्र करून धोका ठरवितात. असें असूनही १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. २७ मृतदेह सांपडले. ५७ माणसांचा पत्ताच लागला नाहीं. ही वाडी धोक्याच्या गांवांच्या यादींत नव्हती, असें सरकारास विधानसभेंत सांगावें लागलें. नकाशांत जें कोणी घातलेंच नाहीं तें संगणक शोधून देत नाहीं. प्रश्न कोणता विचारावा, कोणता थर अपुरा आहे, कोणत्या वस्तीवर अद्याप कोणी पाऊल टाकलेलें नाहीं, हें ज्यास सुचतें तो या विद्येंतला जाणकार. तें सुचण्यासाठीं भूगोल, भूविज्ञान व संख्याशास्त्र यांचा पाया लागतो आणि उन्हांतान्हांत हिंडण्याची संवय लागते.

अभ्यासाची वाट साधारणपणें अशी. बारावीपर्यंत गणित सोडूं नये. कला शाखेंत गेलेल्यांनीं निदान संख्याशास्त्राशीं ओळख ठेवावी. त्यानंतर भूगोल, भूविज्ञान, पर्यावरणशास्त्र, संगणकशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी यांपैकीं एकांत पदवी घ्यावी, आणि पुढें दोन वर्षांचा भूमाहितीशास्त्राचा पदव्युत्तर क्रम करावा. पुण्यांत सिंबायोसिसची या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें १९७६ पासून चालत आलेलें संसाधन अभियांत्रिकीचें केंद्र आहे, तेथील एम. टेक. साठीं गेट परीक्षा लागते, आणि त्या परीक्षेंत २०२२ पासून जिओमॅटिक्सची निराळी प्रश्नपत्रिका आहे. पदवीपासूनच हा विषय घ्यावयाचा असेल तर चेन्नईच्या अण्णा विद्यापीठांत त्याची बी. ई. आहे. डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ सालीं स्थापन झाली व आज इस्रोच्या अधिपत्याखालीं आहे. तिचे घरबसल्या करतां येण्यासारखे विनाशुल्क वर्गही असतात. ज्यांस मोठी फी झेंपत नाहीं त्यांनीं तेथून आरंभ करावा. प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणीं निराळे असतात व बदलतात, सबब ते त्या त्या वर्षीं पाहूनच ठरवावें.

या क्रमांत नकाशाशास्त्र, वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर आणण्याचें गणित, उपग्रह-चित्रांचें वाचन, माहितीचे तक्ते राखण्याची पद्धत व पायथनसारखी एखादी संगणक-भाषा शिकवितात. वाटोळें सपाट करतांना कांहीं तरी बिघडतेंच. कधीं आकार, कधीं क्षेत्रफळ. शाळेच्या भिंतीवरील ज्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढें दिसतें, तें वस्तुतः आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्शाएवढेंही नाहीं. ज्यास ही गोष्ट कळली नाहीं, त्याच्या हातीं मोजणीचें काम देऊं नये.

आतां पालकांचा खरा प्रश्न : नोकरी मिळते काय? मिळते, पण ती कशी, तेंही सांगितलें पाहिजे. सरकारी बाजूस १७६७ पासूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग, दर दोन वर्षांनीं जंगलांचा अहवाल काढण्याचें काम ज्याच्याकडे आहे तें भारतीय वन सर्वेक्षण, हैदराबादचें राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, नागपुरांतील महाराष्ट्राचें सुदूर संवेदन केंद्र, राज्याची भूजल यंत्रणा व भूमि अभिलेख खातें आहे. २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना जाहीर झाली व ड्रोननें गांवठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका मिळूं लागल्या. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली. त्या शहरासाठीं २०२० सालीं जी पूर-इशारा यंत्रणा सुरूं झाली, तिच्यांत कोणत्या वॉर्डांत पाणी किती चढेल हें याच विद्येनें काढतात. खासगी बाजूस वीज, टेलिफोन, खाणी, विमा, मेट्रोचे सल्लागार आणि घरपोंच माल पोंचविणाऱ्या कंपन्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें नकाशे करण्यावरील पुष्कळसे निर्बंध देशी संस्थांपुरते सरकारनें उठविले, त्यामुळें हें क्षेत्र रुंदावलें आहे.

परंतु पहिली नोकरी पुष्कळदां फार साधी असते. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते व घरें दिवसभर गिरवीत बसावयाचें, आणि पगारही बेताचा. सरकारी कामें कंत्राटी असण्याचा संभवही मोठा. शिवाय हें गिरविण्याचें काम आतां यंत्रेंच करूं लागलीं आहेत. म्हणून 'सहा महिन्यांत जी. आय. एस. तज्ज्ञ' अशा पाट्या लावणाऱ्या वर्गांत पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं दहा वेळां विचार करावा. तेथें कोणतें बटण दाबावें एवढेंच शिकवितात, आणि बटणें दर दोन वर्षांनीं बदलतात. कोणत्याही संस्थेंत नांव घालण्यापूर्वीं इतकें अवश्य विचारावें कीं, विद्यार्थ्यांस वर्षांतून किती दिवस प्रत्यक्ष शिवारांत नेतात. उत्तर देतांना जे चांचरतील तेथें न जाणें बरें. मुलींना हें हिंडण्याचें काम झेंपेल काय, अशी शंका कांहीं घरांतून निघते. आमच्या वर्गांतील मुली सहलींत मुलांच्या पुढें चालतात, एवढेंच उत्तर आम्ही देतों.

या विद्येसाठीं लागणारें क्यूजीआयएस नांवाचें सॉफ्टवेअर फुकट मिळतें. २००२ सालीं त्याचा आरंभ झाला व जगांतील स्वयंसेवक तें वाढवीत आहेत. शाळेच्या संगणकांवर तें चालतें. नववीच्या ज्या विद्यार्थ्यांस इच्छा असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें. येतांना आपल्या गांवच्या गटनकाशाची प्रत आणावी. ती भूमि अभिलेखाच्या कचेरींतून किंवा त्या खात्याच्या संकेतस्थळावरून मिळते. आणि घरांतील आजोबा-आजींस विचारून, त्या नकाशांत नसलेल्या ओढ्यांचीं, पायवाटांचीं व वाड्यांचीं नांवें एका कागदावर लिहून आणावीं.