हिजाब, पिन आणि पंच

चारठाण्यासारख्या गावातली मुलगी शाळेच्या फुटबॉल संघात निवडली गेली, की घरात पहिला प्रश्न निघतो: डोकं झाकून खेळू देतील का? आम्ही नियमच पाहिला. मार्च २०१४ मध्ये फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने हिजाबला परवानगी दिली. अटी मोजक्या आहेत. रंग काळा किंवा जर्सीचा मुख्य रंग, संघात सर्वांचा एकच. तो जर्सीला जोडलेला नको, टोक लोंबायला नको, गळ्याशी पिन नको. सामन्याआधी पंच हेच तपासतात. कानातलं, बांगड्या तर चिकटपट्टी लावूनही चालत नाहीत. तेव्हा मुलीला शिवलेला, डोक्याला घट्ट बसणारा हिजाब द्या. पंचांनी पिन काढायला सांगितली तर रागावू नका. ते आपल्याच लेकीचा गळा जपत असतात.